तेरा तासांचं पाणी

१

चारही खोक्यांतले मासे मेले होते. मालकांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. फोटोत फुगलेल्या पिशव्या, गढूळ पाणी आणि त्यात पोट वर करून तरंगणारे गोल्डफिश. तळहाताएवढे, शेपट्यांचे घोळदार पदर असलेले, जोपासायला वर्षं लागतात असे.

"बघितलंत? एकही वाचला नाही."

"बघितलं," मी म्हटलं आणि मिळेल त्या स्टुलावर बसलो. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. विमानाने जाणारा माल मोडला, सडला, हरवला की मला धाडतात. मागच्या आठवड्यात कुजलेल्या फुलांपायी दोन शहरं पालथी घातली होती, अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. माझे गुडघे केव्हाच निवृत्त झालेत, मीच काय तो नोकरीत राहिलोय.

खाली मासेघर, वर बिऱ्हाड, असं ते दुमजली घर. मासेघरात भिंतींना लागून काचेच्या टाक्या, हवेच्या नळ्यांची अखंड बुडबुड आणि ओल्या फरशीचा वास. कारभार दोन भावांचा. थोरले मालक, धाकटे बुकिंग आणि हिशेब सांभाळणारे.

"विमान उशिरा पोहोचलं असेल," थोरले म्हणाले.

"नाही हो," मी म्हटलं. "तेरा तासांचा प्रवास, आणि पाठीमागून वारा लागल्यामुळे उलट थोडं आधीच उतरलं. विमान कंपनी हात झटकून मोकळी आहे."

"मी तेच सांगतोय दादाला," धाकटे म्हणाले. "साहेब, त्या सकाळी दोन माल निघाले. दोन खोके जवळच्या शहराला, जेमतेम दीड तासाचं विमान. चार खोके लांबच्या शहराला, तेरा तास. जसं अंतर, तसा पिशवीत ऑक्सिजन. ताईंनी उलटापालट केली. जवळच्यांना लांबचा भरला, लांबच्यांना जवळचा. अर्ध्या वाटेत गुदमरले बिचारे."

ताई म्हणजे पॅकिंग करणाऱ्या बाई. लहान वयात इथे कामाला आल्या, आता केस पांढरे झाले, राहायला मागचीच खोली. नात्याच्या कुणी नाहीत, पण घरात सगळेच त्यांना ताई म्हणतात.

थोरल्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुमचा निष्कर्ष संध्याकाळपर्यंत द्या. चूक पॅकिंगची निघाली तर ताईंना उद्यापासून सुट्टी. खोलीही सोडावी लागेल. वाईट वाटतं, पण लांबचं गिऱ्हाईक म्हणतंय, माणूस बदला नाहीतर आम्ही दुकान बदलतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं. ओले हात पदराला पुसत एक बाई आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"चूक माझीच आहे, साहेब. लिहा तसं, आणि यांना मोकळं करा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खूप जणांना कानावर हात ठेवताना पाहिलंय. प्रश्न विचारायच्या आधी गुन्हा कबूल करणारं माणूस मात्र पहिल्यांदाच भेटत होतं. मला घरी जाऊन झोपायचं होतं, आणि ही बाई मला झोपू देणार नाही हे तिथेच कळलं.

२

भावांना वर पाठवलं आणि ताईंच्या मागोमाग मी टाक्यांमधून फिरलो.

"काय चुकलं नेमकं?"

"ऑक्सिजन."

"कमी पडला?"

"असेल."

"की पाणी कमी घातलं?"

"तसंही असेल."

"ताई, दोन्ही कसं असेल? एक काहीतरी धरा."

त्या एका टाकीतली नळी सरळ करायला लागल्या. मी म्हटलं, मला शिकायचंय, एक पिशवी भरून दाखवा. लांबच्या प्रवासाची. त्यांनी नाइलाजाने पिशवी घेतली, पण एकदा हातात आल्यावर त्या मला विसरल्या. एक भाग पाणी, वर ऑक्सिजन, पिळा, रबर, पुन्हा पिळा, आणखी एक रबर. मग पिशवी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली. आवाज ऐकला, जराशी हवा सोडली, पुन्हा बांधली. जवळच्या शहराची भरा म्हटल्यावर हातांनी आपोआप वेगळं माप धरलं. या बाईंनी उलटापालट केली असेल यावर माझा विश्वास बसेना.

"मासे कुठल्या टाकीतून काढले?"

त्यांनी खिडकीजवळची मोठी टाकी दाखवली. ती रिकामी होती. "ही उपाशी टाकी. प्रवासाला निघणारे मासे आधी दोन दिवस इथे ठेवायचे, बिनखाण्याचे. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी स्वच्छ राहतं. पोट भरलेलं असलं की वाटेत घाण करतात आणि स्वतःच्याच घाणीने मरतात. अण्णांचा नियम आहे."

"अण्णा?"

"मालकांचे वडील. हे सगळं त्यांनीच उभं केलं. मलाही त्यांनीच शिकवलं." एवढं बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला.

प्रत्येक टाकीत पाणी गाळायला स्पंजाचा तुकडा असतो. बाकीच्या टाक्यांतले स्पंज काळे, कुरतडलेले, काही तर दोऱ्याने शिवलेले. या घरात कुणी काही फेकत नाही हे दिसतच होतं. उपाशी टाकीतला स्पंज मात्र कोरा करकरीत होता.

"जुना कुठे गेला?"

"फाटला. टाकला."

"इथे तर फाटलेले शिवून वापरतात."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत रागही नव्हता, भीतीही नव्हती. नुसती विनवणी होती.

"साहेब, तुम्ही थकलेले दिसता. कशाला खोलात जाता?"

मनातलं बोलल्या. पण एव्हाना मी खोलात गेलो होतो. अंगणात येऊन मी जवळच्या शहरातल्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

३

"मासे? ठणठणीत आहेत," पलीकडचा माणूस म्हणाला. मग आवाज चढला. "पण त्यांना सांगा, हे काय पाठवता? पिशवी उघडली तर वास घुमला दुकानभर! पाणी पिवळट, वर फेस. दीड तासाच्या विमानात ही अवस्था. आणखी थोडा वेळ लागला असता तर माझ्याकडे मढी आली असती."

मी दोनदा आभार मानले. तो गोंधळला. गिऱ्हाइकाने शिव्या घातल्यावर आभार मानणारा माणूस त्याला बहुधा नवीन होता.

मग धाकट्यांना खाली बोलावलं.

"तुमचं म्हणणं, ऑक्सिजनची उलटापालट झाली."

"उघड आहे."

"तसं असतं तर जवळच्या खोक्यांना गरजेपेक्षा जास्त मिळाला असता. पाणी नितळ आलं असतं. ते नासलेलं आलं. म्हणजे दोन्ही मालात एकच दोष होता. दीड तासात तो नुसता वासावर भागला, तेरा तासांत त्याने जीव घेतला. दोष पिशवीत नव्हता, माशांच्या पोटात होता. त्यांना कुणीतरी खायला घातलं."

धाकट्यांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "शक्य नाही. खाण्याचा डबा कुलपात असतो. किल्ली दादाच्या कमरेला. साहेब, मी ताईंच्या जागी मशीन आणायचं म्हणत होतो हे खरं आहे, लपवत नाही. म्हणून मी मासे मारीन होय? माझ्याही पोटावर पाय येतो त्यात."

खोटं बोलत नव्हते. लबाडी करणारा माणूस आपल्यावरचा संशय असा आपणहून काढून दाखवत नाही, आणि दाखवलाच तर इतका घाम फुटत नाही.

थोरल्यांनी किल्ली दाखवली. डबा उघडला, आत लालसर, वाळलेले दाणे. मी लांबच्या शहराला फोन लावून तिथल्या माणसाला म्हटलं, एक मासा फाडून बघा. तो कुरकुरला. मेलेल्या माशाची कसली आलीय चौकशी, म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, माझं अर्धं आयुष्य मेलेल्या मालाची चौकशी करण्यात गेलं, तू पाच मिनिटं काढ. शेवटी त्याने फोटो पाठवला.

माशाच्या पोटात लाल काहीच नव्हतं. पिवळाधमक लगदा होता.

४

"चहा घ्या," वहिनी म्हणाल्या. थोरल्यांच्या पत्नी. वरच्या स्वयंपाकघरात त्या एकाच वेळी ओटा पुसत होत्या, फोनवर कुणाला तरी थांबवत होत्या आणि माझ्यासाठी साखर शोधत होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. बघूनच मला जांभई आली.

खिडकीशी अण्णा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायांत नवे बूट. नवी कोरी पँट कमरेला सेफ्टी पिनने आवळलेली.

"पुढच्या आठवड्यात लेकीकडे निघालेत," वहिनी म्हणाल्या. "मासे गेले ना, त्याच शहरात असते माझी नणंद. तिथे दवाखान्यात नोकरीला आहे. अण्णा विसरायला लागलेत हो. परवा माझं नाव विसरले. आम्ही दिवसभर कामात, लक्ष कोण ठेवणार? म्हणून तिकीट काढलं. त्यात हे असे खंगत चाललेत. पँट महिन्याभरापूर्वी मापाने घेतली होती, बघा कशी लोंबतेय. म्हणून तारीख अलीकडे घेतली."

"जेवत नाहीत?"

"छे! त्याचं तर नवल वाटतं. पूर्वी सतराशे साठ नखरे. आता सकाळ-संध्याकाळ अंडं देते, डॉक्टरांनी सांगितलंय. घरात बाकी कुणाला अंडं आवडत नाही, खास यांच्यासाठी उकडते. ताट घेऊन खाली मासेघरात जातात आणि चाटूनपुसून लख्ख परत आणतात. एक कण शिल्लक नसतो." त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं. "एवढं एक तरी मनासारखं होतंय."

मी कप खाली ठेवला.

"किती तास?" अण्णांनी एकदम मला विचारलं.

"काय किती तास?"

"विमान."

"तेरा," वहिनीच म्हणाल्या. "अण्णा, सकाळपासून कितव्यांदा विचारताय? भाऊजींनी सांगितलंय ना, तेरा."

"तेरा," अण्णा म्हणाले आणि मान डोलावली. हिशेब जुळल्यावर माणूस डोलावतो तशी. "लांब आहे. खबरदारी घ्यायला हवी."

आता माझ्याकडे सगळंच होतं. अंडं, टाकी, गायब झालेला स्पंज, तो फेकून देणाऱ्या ताई. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ज्या माणसाने उपाशी टाकीचा नियम घातला, जो लेकाचं नाव विसरेल पण टाकीचं तापमान विसरणार नाही, त्याने प्रवासाला निघालेल्या माशांना खायला का घालावं?

जिन्याकडे वळताना माझी नजर परत त्या सेफ्टी पिनवर गेली. मग बसलं सगळं. आणि मला वाटलं, ही नोकरी मी मागच्याच वर्षी सोडायला हवी होती.

५

सगळ्यांना मासेघरात बोलावलं. थोरले, धाकटे, वहिनी. ताई दाराशी उभ्या. अण्णा त्यांच्या सवयीने आधीच खाली येऊन, वाकून एका टाकीच्या काचेवर बोटाने टकटक करत होते.

"विमानाचा दोष नाही, ऑक्सिजनचा नाही, ताईंचा तर नाहीच," मी म्हटलं. "माशांच्या पोटात अंड्याचा बलक होता. दोन दिवस, दोन्ही वेळा. बलकाइतकं दुसरं काही पाणी नासवत नाही. जवळचे मासे लवकर पोहोचले म्हणून वाचले. माल गेल्यावर ताईंनी टाकी धुतली, स्पंज पिळला, तो पिवळा निघाला. त्यांना तेव्हाच कळलं. पण खोके एव्हाना आकाशात होते. त्यांनी स्पंज फेकला आणि दोष अंगावर घेतला."

"साहेब, पुरे," ताई म्हणाल्या.

"अंडं या घरात एकच माणूस खातं."

थोरल्यांना समजायला वेळ लागला. मग ते जवळजवळ ओरडलेच. "अण्णा? शक्य नाही! अहो, मी लहानपणी या टाकीत चिमूटभर खाणं टाकलं होतं, तर दिवसभर मला टाक्या घासायला लावल्या होत्या. तुम्ही त्यांना ओळखत नाही. जीव गेला तरी नियम मोडणार नाहीत ते."

"मोडलाच नाही त्यांनी," मी म्हटलं. "पाळला."

कुणाला काही कळेना. मी अण्णांजवळ गेलो. एवढं वाकणं गुडघ्यांना झेपत नव्हतं, तरी त्यांच्या चेहऱ्यासमोर येईल इतका वाकलो.

"अण्णा, तुमचं अंडं कुठे गेलं?"

"यांना दिलं." त्यांनी उपाशी टाकीकडे बोट केलं. ती रिकामी आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "वाया कशाला घालवायचं? मला आता चालत नाही."

"का चालत नाही?"

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा माणूस या धंद्यात नवखा दिसतोय.

"मी निघणार ना. तेरा तास. निघणाऱ्याचं पोट रिकामं हवं. नाहीतर पोहोचेपर्यंत जीव राहत नाही."

"आणि हे मासे?"

"यांना काय धाड भरलीय? हे इथेच राहणार. यांनी खावं."

हवेच्या नळ्या बुडबुडत राहिल्या. वहिनींनी तोंडावर हात दाबला. तिकीट आल्यापासून धुतलेली ती लख्ख ताटं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. मी लख्ख ताट बघून खूश व्हायचे हो, असं काहीसं त्या पुटपुटल्या, पण पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. धाकटे, ज्यांनी रोज हसत हसत 'तेरा तास, अण्णा' म्हणून सांगितलं होतं, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

थोरले ताईंकडे वळले. "तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचं खाली येणं बंद केलं असतं. वर ते हरवल्यासारखे बसतात. इथे आले की सगळं आठवतं त्यांना, कुठल्या माशाची आई कुठली तेही. जायला चारच दिवस राहिलेत, तेवढे तरी इथे काढू देत म्हटलं."

"आणि तुमचं काय झालं असतं?"

"मला हातपाय आहेत. कुठेही पिशव्या भरीन." मग त्यांचाच बांध फुटला. "पण ते उपाशी आहेत हे नाही कळलं मला! दिवसभर माशांची पोटं बघते मी. समोर रोज उभे असायचे अण्णा, आणि मला दिसलं नाही."

थोरले माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ते गिऱ्हाइकाचा विषय काढतील, नुकसानीचा काढतील. विम्याचे पैसे मिळणार नाहीत हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं, निदान ते ओझं लवकर उतरावं म्हणून. त्यांनी नुसता हात हलवला.

"गिऱ्हाइकाशी मी बोलतो. पटलं तर ठीक, नाहीतर जाऊ दे. ताई, तुम्ही कुठेही जायचं नाही."

"आणि मी?" अण्णांनी विचारलं. "मी कधी निघायचं?"

सगळे थोरल्यांकडे बघायला लागले. धाकटे भिंतीकडूनच म्हणाले, "दादा, तिकडे आपल्या बहिणीने रजा काढून ठेवलीय. आणि इथे लक्ष कोण देणार? आपल्या हातून हेसुद्धा झालं नाही." बोलले ते खरं होतं. त्या घरात एका माणसाची उसंत शिल्लक नव्हती, हे मला एका दिवसात दिसलं होतं. लेकीचा पत्ता, दवाखाना, शहाणपणाची सगळी कारणं त्या तेरा तासांच्या पलीकडच्या टोकाला होती. अलीकडे सेफ्टी पिन लावलेला एक म्हातारा उत्तराची वाट बघत उभा होता.

थोरल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला काय लागलं कोण जाणे, त्यांनी तो पुन्हा चाचपून पाहिला.

"तुमचं जाणं रद्द झालं, अण्णा."

"रद्द?"

"रद्द."

"नक्की? मागाहून सांगाल, निघा म्हणून."

"नाही सांगणार. तुम्ही इथेच राहायचं."

अण्णांनी क्षणभर तो विचार करून पाहिला. मग ते एका पालथ्या खोक्यावर बसले, इतके अंग टाकून की ताई धरायला धावल्या. लेकाकडे बघून चांगलेच चिडले.

"मग हे आधी नाही सांगायचं, गाढवा? मला किती भूक लागलीय!"